गोल शिक्का पाहिजे, सर

माझी तक्रार फार मोठी नाही. अमुक देशाने मला व्हिसा द्यावाच, असा माझा हट्ट नाही. त्यांचा देश, त्यांची वेस, त्यांची मर्जी. लॅपटॉप घेऊन वर्षभर येऊन राहायचं तर महिन्याची कमाई किती लागते, हे कुणीतरी एकदा नीट सांगावं आणि सांगितल्यावर निदान त्या आठवड्यापुरतं तरी त्यावर ठाम राहावं, इतकंच मागणं आहे.

व्हिसाचा हा प्रकार नवा आहे, हे मान्य. 2020 च्या जुलैत बार्बाडोसने ‘वेलकम स्टॅम्प’ काढला, पाठोपाठ ऑगस्टच्या पहिल्या तारखेला एस्टोनियाने डिजिटल नोमॅड व्हिसा. विमानं जमिनीवर होती, हॉटेलं ओस पडली होती आणि आठवड्यासाठी येणारा पाहुणा येत नसेल तर वर्षासाठी येणारा बघू, असा विचार एकेका सरकारने केला. व्यवहार सरळ आहे. नोकरी तुमच्याकडची करा, पगार तिकडून घ्या, खर्च आमच्याकडे करा आणि आमच्या माणसांच्या नोकऱ्यांना हात लावू नका. चार वाक्यांत मी तो सांगितला. सरकारांना तो चाळीस पानांतही सांगता आलेला नाही, आणि सरकारांच्या वतीने सांगणाऱ्यांनी तर पानं मोजणंच सोडून दिलं आहे.

असे देश नेमके किती, इथूनच मतभेद सुरू होतात. प्रत्येक यादीचा आकडा वेगळा. एका यादीत जर्मनी असतो, कारण तिथे फ्रीलान्सरांना परवाना मिळतो. दुसरीत नसतो, कारण त्या परवान्यासाठी जर्मनीतलेच ग्राहक दाखवावे लागतात, म्हणजे पुण्यात बसून अमेरिकेचं काम करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. तिसऱ्या यादीत साधा पर्यटक व्हिसाच नव्या नावाने घुसवलेला असतो. यादी जितकी लांब तितकी ती विश्वासार्ह, असा काहीतरी समज या क्षेत्रात रूढ आहे.

स्पेनचं उदाहरण घेतो, कारण माझी सर्वांत जास्त रात्रपाळी स्पेनवर झाली आहे. नवउद्योगांना उत्तेजन देणारा कायदा तिथे डिसेंबर 2022 मध्ये आला, क्रमांक 28/2022. परदेशी कंपनीचं काम स्पेनमध्ये बसून करणाऱ्यांची सोय त्यात केली आहे. उत्पन्नाची अट अशी: स्पेनच्या किमान वेतनाच्या दुप्पट. वाक्य इतकं सुटसुटीत, की काम झालंच असं वाटावं. किमान वेतन शोधायचं आणि दोनने गुणायचं. पण स्पेनमध्ये किमान वेतन वर्षातून चौदा वेळा मिळतं. महिने तिथेही बाराच आहेत, मी खात्री करून घेतली. उन्हाळ्यात एक आणि नाताळात एक, असे दोन हप्ते जादा. 2023 मध्ये एक हप्ता 1,080 युरोंचा होता. त्याची सरळ दुप्पट केली तर 2,160. चौदा हप्ते आधी बारा महिन्यांत वाटले आणि मग दुप्पट केली तर 2,520. दोन्ही आकडे ठिकठिकाणी दिलेले सापडतात आणि दोन्ही तितक्याच ठामपणे. 2024 मध्ये हप्ता 1,134 झाला, की आकडा 2,646. 2025 मध्ये 1,184, की आकडा 2,763 च्या आसपास. यातला एकही आकडा निवृत्त झालेला नाही. सगळे एकाच वेळी कामावर आहेत.

त्यात गेली काही वर्षं तिथलं सरकार नव्या वर्षाचं किमान वेतन मंजूर करतं फेब्रुवारीत आणि लागू करतं एक जानेवारीपासून. म्हणजे जानेवारीत अर्ज करणाऱ्याला जानेवारीत किती उत्पन्न लागत होतं, हे जानेवारीत स्पेनच्या राजालाही सांगता येत नाही. फेब्रुवारीत सांगता येतं. तेव्हा अर्ज परत आलेला असू शकतो.

सोबत कुटुंबातलं पहिलं माणूस नेणार असाल तर किमान वेतनाच्या 75 टक्के अधिक दाखवायचे, त्यापुढच्या प्रत्येकामागे 25 टक्के. मी हे घरात वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “म्हणजे मी पाऊण?” त्या संध्याकाळी स्पेनचा विषय पुढे सरकला नाही.

जाणकारांचा सल्ला असा, की कॉन्सुलेटच्या वाटेला जाऊच नये. तिथून अर्ज केला तर एक वर्षाचा व्हिसा मिळतो, पण स्पेनमध्ये पोचून तिथल्या तिथे अर्ज केला तर तीन वर्षांपर्यंतचा परवाना. “आधी सहज फिरायला जा, कॉफी प्या आणि मग निवांत अर्ज करा.” सल्ला बिनचूक आहे. फक्त तो देणाऱ्याच्या खिशात अमेरिकेचा पासपोर्ट आहे. माझ्या खिशात आहे त्या पासपोर्टावर स्पेनला सहज फिरायला जायचं तर आधी शेंगेन पर्यटक व्हिसा काढावा लागतो आणि त्या अर्जात मी ठरल्या तारखेला परत येणार आहे हे सिद्ध करावं लागतं: परतीचं तिकीट, रजेचं पत्र, घराची कागदपत्रं. म्हणजे तीन वर्षं राहण्याचा परवाना मागण्यासाठी मी आधी शपथेवर सांगायचं, की मी दहा दिवसांत घरी येतो. सल्ला देणाऱ्याला हे कळवलं तर तो म्हणतो, “ओह.” या ‘ओह’पाशी जगातली बरीचशी माहिती संपते.

अशी कितीतरी माहिती खरी असते, फक्त आपल्यासाठी नसते. आइसलंडचा दीर्घ मुक्कामाचा व्हिसा महिना दहा लाख क्रोनांच्या कमाईवर मिळतो, हे खरंच आहे. पण तो ज्यांना तिथे जायला मुळात व्हिसा लागत नाही त्यांच्यासाठी आहे. जपानने 2024 च्या मार्चअखेर सहा महिन्यांचा व्हिसा आणला, वर्षाला एक कोटी येनांची अट घालून. एक कोटी या शब्दाने आमच्या घरात शांतता पसरली. येनाचं रुपयांत रूपांतर केल्यावर थोडी हालचाल झाली. मग देशांची यादी पाहिली. त्या यादीत भारत नाही. हे वाक्य वृत्तांताच्या पहिल्या ओळीत आलं असतं तर आमच्याकडे त्या रात्री वेळेवर जेवणं झाली असती. पण ते तळटिपेत असतं, आणि त्याच्यावर क्योटोतल्या चेरीच्या फुलांचे फोटो असतात.

तारखांबद्दल माझं दुःख वेगळं आहे. प्रत्येक माहितीवर चालू वर्षाचं नाव घातलेलं असतं. “संपूर्ण मार्गदर्शक, चालू वर्ष.” आत क्रोएशियाची उत्पन्नाची अट कुनांमध्ये दिलेली असते. क्रोएशियाने कुना बंद करून युरो घेतला तो 1 जानेवारी 2023 रोजी. ज्या चलनात कमाई दाखवायला सांगितली आहे ते चलन आज जगात कुठेही पगार म्हणून मिळत नाही. वर्ष बदललं, मथळा बदलला, आतला मजकूर जिथल्या तिथे. दुबईचंही तसंच. 2020 च्या ऑक्टोबरात तिथली योजना आली तेव्हा महिना 5,000 डॉलर पगार लागत असे, पुढे ती अट 3,500 वर आली. जुना आकडा अजून फिरतो आहे आणि त्या आकड्यामुळे नाद सोडलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत. माझा एक मामेभाऊ गेली कित्येक वर्षं दुबईत आहे. त्याला फोन करून खरी अट विचारली. तो म्हणाला, “व्हिसा कसला शोधतोस, नोकरी शोध.” त्याला प्रश्नच कळला नव्हता. पण मला मिळालेल्या सगळ्या उत्तरांत स्पष्ट उत्तर तेवढंच.

इटलीची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे. 2022 च्या मार्चमध्ये तिथल्या संसदेने डिजिटल भटक्यांसाठी कायद्यात तरतूद केली. दुसऱ्या दिवसापासून जगभर बातमी: इटलीचा नवा व्हिसा आला. कुठल्या गावात राहावं, तोस्कानात घरभाडं किती, सकाळी कॅपुचिनो आणि दुपारनंतर एस्प्रेसो का, सगळं लिहून झालं. आता तरतूद आणि अर्जाचा नमुना यांच्यामध्ये एक मंत्रालयीन आदेश लागतो. तो आदेश प्रसिद्ध झाला 2024 च्या एप्रिलमध्ये. दोन वर्षं बाजारात तुरी होत्या आणि मार्गदर्शक मंडळी भट आणि भटणी दोघांची कामं एकट्यानेच करत होती. या काळात कुणी बिचारा कॉन्सुलेटमध्ये गेलाच असेल तर काउंटरवरच्या बाईंनी त्याला असा कुठलाही व्हिसा अस्तित्वात नाही असं सांगितलं असणार, आणि त्याने मनात म्हटलं असणार, या बाईंना काही माहीत नाही.

आदेश आला तेव्हा उत्पन्नाची अट अशी निघाली: आरोग्यसेवेच्या खर्चात वाटा उचलण्यापासून ज्या उत्पन्नाला सूट मिळते त्या किमान पातळीच्या तिप्पट. वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला माझीच तब्येत बरी नाही असं वाटलं. ती पातळी 8,263.31 युरो धरतात, त्याची तिप्पट 24,789.93. हे 93 सेंट मला फार आवडले. इतक्या काटेकोर देशात काही चुकणार नाही असा भरवसा वाटला. मग पाहिलं तर कुठे 25,000 लिहिलं आहे, कुठे 28,000. तीन हजार युरो कुठून आले? कुणी सांगत नाही.

इंडोनेशियात तर बोलाचीच कढी होती. 2022 मध्ये तिथल्या पर्यटनमंत्र्यांनी पाच वर्षांच्या, करमुक्त नोमॅड व्हिसाची कल्पना बोलून दाखवली. बालीला जायचे बेत आमच्या ऑफिसात किमान दोन टेबलांवर शिजले. आला तो 2024 मध्ये, एक वर्षाचा, वार्षिक 60,000 डॉलर कमाईवर, आणि त्याचं नाव ई-33-जी. पाच वर्षांचा तो व्हिसा अजूनही काही ठिकाणी “लवकरच” येतो आहे.

पोर्तुगालकडे वळण्याचं कारण असं, की पोर्तुगालबद्दल आपल्याकडे सगळ्यांनाच सगळं माहीत असतं. तिथे दोन व्हिसे आहेत, डी-7 आणि डी-8. डी-7 हा पेन्शन, भाडं, व्याज यांवर जगणाऱ्यांचा. त्याला महिना एका किमान वेतनाएवढं उत्पन्न पुरतं. 2025 मध्ये 870 युरो. डी-8 हा दुरून नोकरी करणाऱ्यांचा, 2022 च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला. त्याला किमान वेतनाच्या चौपट, त्याच वर्षी 3,480 युरो. डी-8 नव्हता तेव्हा नोकरदारही डी-7 वरच जायचे, त्यामुळे त्या काळातल्या माणसाला विचारलं तर तो हजाराच्या आतला आकडा सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. तो फक्त जुना असतो. आठशे सत्तर ऐकून माणूस कामाला लागतो, कागद जमवतो आणि काउंटरवर पोचल्यावर त्याला चौपट ऐकू येतं.

परदेशी लोकांचं काम बघणारं तिथलं जुनं खातं, सेफ, 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं आणि त्या जागी आयमा नावाचं नवं खातं आलं. जुन्या खात्याची अपॉइंटमेंट कशी मिळवावी याच्या युक्त्या मात्र अजून सांगितल्या जातात. बंद पडलेल्या कचेरीत लवकर नंबर लागावा यासाठी सकाळी किती वाजता प्रयत्न करावा, हे मला एका माणसाने फार आस्थेने समजावून सांगितलं. नव्याने येणाऱ्यांसाठीची जुनी करसवलतही 2024 पासून नव्या अर्जदारांना बंद झाली. ती सांगणाऱ्यांचा उत्साह बंद झालेला नाही.

यात गोव्याची माणसं आपल्याकडे ज्या शांतपणे बघतात तो शांतपणा मला सहन होत नाही. पणजीच्या एका स्नेह्याला मी डी-7 आणि डी-8 मधला फरक समजावत होतो. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्याच्या आजोबांचा जन्म 1961 च्या आधीचा आहे आणि पोर्तुगालच्या दप्तरात त्याची नोंद आहे. त्याला किमान वेतन वगैरे काही लागत नाही. आमच्या आजोबांचा जन्म सातारा जिल्ह्यातला. त्याचा पोर्तुगालला उपयोग नाही. मी चौकशी केली आहे.

थायलंडने मात्र माझी गोची वेगळ्याच बाजूने केली. 2024 च्या जुलैत तिथे डीटीव्ही नावाचा व्हिसा आला: पाच वर्षांचा, एका खेपेला 180 दिवस राहायचं, खात्यात पाच लाख बाट दाखवायचे. दुरून काम करणाऱ्यांना तो मिळतो. थाई बॉक्सिंग शिकणाऱ्यांना किंवा थाई स्वयंपाक शिकणाऱ्यांनाही तोच मिळतो. आता ते पाच लाख खात्यात कधीपासून असावेत, हे वकिलातीगणिक बदलतं. कुठे तीन महिन्यांचं स्टेटमेंट, कुठे सहा. नोकरीचा पुरावा कसा द्यायचा, कंपनीने काय लिहून द्यायचं, यावरही एकवाक्यता नाही. बॉक्सिंगच्या क्लासची मात्र पावती पुरते. मी सॉफ्टवेअरची कागदपत्रं लिहून पोट भरतो, चाळिशी ओलांडली आहे, गुडघा दुखतो. तरी सर्व बाजूंनी विचार केल्यावर मी बॉक्सर असणं माझ्या नोकरीपेक्षा सोपं पडेल असं दिसतं. आईला सांगितलं. ती म्हणाली, “स्वयंपाकाचं घे. तो तरी घरी उपयोगाला येईल.”

एस्टोनियाबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथल्या सरकारने आपलं म्हणणं स्वच्छ मांडलं आहे आणि तरीही उपयोग झालेला नाही. 2014 च्या डिसेंबरपासून ते परदेशी माणसांना ‘ई-रेसिडेन्सी’चं कार्ड देतात. त्यावर कंपनी काढता येते, सही करता येते. राहता येत नाही. हे त्यांनी स्वतःच ठळक लिहिलेलं आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या मुलाकडे हे कार्ड आहे. सोसायटीच्या गणपतीत काकांनी तो युरोपचा रहिवासी झाल्याचं माइकवरून जाहीर केलं. मुलगा बावधनला राहतो.

शेवटी मी माणसांकडे वळलो. आमच्या सीएंना एकच प्रश्न विचारला, की वर्षभर बाहेर राहिलो तर कर कुठे भरायचा. ते म्हणाले, 182 दिवस भारतात काढलेत तर इथले. तिकडे बहुतेक ठिकाणी हाच हिशेब 183 दिवसांचा. दोन देशांत हा एक दिवस नेमका कुणाचा, यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि “डिपेंड्स” म्हणाले. त्यांची फी मात्र कशावरही डिपेंड करत नाही. मग त्यांनीच स्पेनचा ‘बेकहॅम कायदा’ काढला. बाहेरून आलेल्या नोकरदाराला सपाट 24 टक्के कर, 2005 सालची सवलत, नाव एका फुटबॉलपटूवरून पडलेलं. पुढे कायदा बदलला आणि 2015 पासून व्यावसायिक खेळाडूंनाच त्यातून वगळलं. आता ती सवलत दुरून काम करणाऱ्यांना मिळू शकते, बेकहॅमला मिळणार नाही. ही माहिती मी बऱ्याच लोकांना सांगितली आहे. ती माझ्याकडची सर्वांत पक्की माहिती आहे आणि तिचा मला अजून काहीही उपयोग झालेला नाही.

ऑफिसातल्या एचआरच्या मॅडम स्वभावाने चांगल्या आहेत. त्यांच्याकडून मला एक पत्र हवं होतं: हा माणूस अमुक देशातून काम करणार आहे, कंपनीची हरकत नाही. त्यांनी विचारलं, “फॉरमॅट आहे का?” फॉरमॅट कुणाकडेच नाही. कॉन्सुलेट म्हणतं, कंपनीच्या लेटरहेडवर द्या. कंपनी म्हणते, कॉन्सुलेटचा नमुना आणा. मॅडमनी प्रकरण लीगलकडे पाठवलं. लीगलने विचारलं, की मी तिथे बसून काम केल्याने कंपनीची त्या देशात शाखा निघाल्यासारखं तर होणार नाही ना? मी म्हटलं, मी एकटाच आहे, शाखा म्हणण्याइतका माझा विस्तार नाही. त्यांनी ते लिहून मागितलं.

व्हिसा अर्ज केंद्रावर फोन लागतो. तिथला मुलगा अत्यंत नम्रपणे सांगतो, की आम्ही फक्त कागद स्वीकारतो, निर्णय कॉन्सुलेटचा. कॉन्सुलेटला ईमेल केली तर उत्तर येतं, की अटी संकेतस्थळावर आहेत. संकेतस्थळावर लिहिलेलं असतं, की प्रत्येक प्रकरणानुसार कॉन्सुलेट अधिक कागद मागू शकेल. या तीन वाक्यांत कुठेही खोट काढता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

आणि मग बँक. सगळे देश एकमुखाने एक गोष्ट मागतात: बँकेचं स्टेटमेंट, शिक्का आणि सहीनिशी. मी शाखेत गेलो. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “सर, आता डिजिटल असतं. डिजिटली साइन्ड आहे, शिक्का लागत नाही.” मी सांगितलं, लागतो. त्या म्हणाल्या, “आमच्याकडून लागत नाही.” हे मला पटलं, पण ते त्यांनी परदेशी सरकारला पटवून द्यायला हवं होतं. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी ड्रॉवरमधून चौकोनी शिक्का काढला. पॅडवरची शाई सुकली होती. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, शिक्का दाबला, तो पहिल्या पानावर ‘RECEI’ इतकाच उमटला. व्हिसाचं काम ज्याच्याकडे दिलं होतं त्या एजंटाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर तत्काळ आलं: “हा आवक-जावकचा आहे. गोल शिक्का पाहिजे, सर.” गोल शिक्का मॅनेजरसाहेबांच्या कुलपात असतो. साहेब ट्रेनिंगला मुंबईला गेले होते. विषय, नोटिसबोर्डावर लिहिल्याप्रमाणे, डिजिटल बँकिंग.

एजंटाबद्दल मला राग नाही. एवढ्या सगळ्या व्यवहारात “हो” म्हणणारा तो एकटाच माणूस आहे. कुठलाही देश घ्या, तो “होऊन जाईल सर” म्हणतो. पोलीस क्लिअरन्स जुना झाला तर? होऊन जाईल. ॲपोस्टिल? दिल्लीला माणूस आहे. स्पॅनिश भाषांतर, तेही शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच लागतं ना? आहे ना माणूस. उत्पन्नाची अट नक्की किती, हे विचारलं की मात्र तो म्हणतो, “तुमचा पगार किती आहे ते सांगा, मग बघू.” अट माझ्या पगारावरून ठरते, ही नवी माहिती होती.

उलट्या बाजूने पाहिलं तर आपल्याकडे परिस्थिती फार सुटसुटीत आहे. गोव्याच्या सरकारने मोरजी आणि आश्वेच्या किनाऱ्यांवर लॅपटॉपवाल्यांना बसून काम करता येईल अशा जागांच्या घोषणा केल्या, परदेशी नोमॅड यावेत म्हणून केंद्राकडे व्हिसाचा आग्रहही धरला. पण व्हिसा हा केंद्राचा विषय, आणि असा व्हिसा भारताने अजून काढलेला नाही. मोरजीला एका शॅकमध्ये एका गोऱ्या माणसाने मला विचारलंच, की इथे वर्षभर राहून काम करायचं तर काय अटी आहेत. मी सांगितलं, नाही मिळत. त्याने ते लगेच लिहून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं, की मला त्याचा हेवा वाटला.

मॉरिशसचं मात्र राहिलं होतं. तिथे आपली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या आहेत, म्हणून आईचा त्या देशाला पाठिंबा होता. त्यांनी 2020 मध्ये प्रीमियम व्हिसा काढला: एक वर्षाचा, महिना 1,500 डॉलर उत्पन्न, स्थानिक नोकरी करायची नाही, आणि सुरू केला तोच मुळी बिनशुल्क. तिप्पट नाही, चौपट नाही, चौदा हप्ते नाहीत. मी ते एकदा वाचलं आणि कळलं. न कळण्यासारखं काही राहून गेलं असेल म्हणून पुन्हा वाचलं. शेवटी एजंटाला फोन केला आणि विचारलं, की हे खरं आहे का. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, फुकट आहे म्हणजे काहीतरी गडबड असणार. पण करून देऊ आपण. पंचवीस हजार होतील, जीएसटी वेगळा.”